घाम वाळतच नाही राव! ठाणे-नवी मुंबईच्या उन्हाळ्यात चप्पल, कपडे आणि भटकंतीच्या या चुका टाळा

एप्रिल लागला की मोबाईलवर उन्हाळ्याचे सल्ले सुरू होतात, आणि त्यातले निम्मे नागपूर-जळगावच्या हिशोबाने लिहिलेले असतात. कूलर घ्या, वाळ्याचे पडदे लावा, जाड सुती घाला वगैरे. ते तिकडे बरोबरच आहे, पण आपल्याकडे एका बाजूला खाडी, वर डोंगर, आणि हवेत आधीच इतकं पाणी की घाम येतो भरपूर पण अंगावरून हलत नाही. अंग गार होतं ते घाम येऊन नाही, घाम वाळून. तो वाळलाच नाही तर ३५ डिग्रीतसुद्धा माणूस उकडून निघतो. हवामान खातंही किनारपट्टीला उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ पासून करतं, मैदानी भागात ४० पासून. म्हणजे "आमच्या गावी ४३ असतं, इथे काय एवढं" हे इथे चालत नाही.

कूलरचं एवढ्यातच आटपतो. बंद खोलीत पाण्याचा कूलर लावला तर अर्ध्या तासात चादर दमट आणि पापड मऊ. पंखा, समोरासमोरच्या उघड्या खिडक्या, जमत असेल तर एसी, बास.

आता चपला. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

पहिला घोळ म्हणजे रोज तेच बंद बूट. ऑफिसला तेच, संध्याकाळी तलावपाळीला तेच, रविवारी पण तेच. आतला घाम रात्रभरात वाळत नाही, आपल्या हवेत तर नाहीच नाही, सकाळी हात घालून बघा, इनसोल गार आणि ओलसर लागेल. मग वास, मग बोटांच्या बेचक्यात खाज, मग मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब, आणि ती ट्यूब स्टेरॉइडवाली निघाली की खाज आठवडाभर दबते आणि नंतर दुप्पट पसरते. नायट्याला असली मिक्स क्रीम स्वतःच्या मनाने लावू नका, स्किनच्या डॉक्टरला दाखवा. बुटांचं म्हणाल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, घरी आल्याआल्या इनसोल बाहेर काढा, आत जुना पेपर चुरगळून कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. शू रॅकचं दार बंद करून ठेवू नका हो, ओल आतच राहते. पावडरही ओल्या पायावर थापू नका, तिचा लगदा होतो आणि तो बेचक्यात तसाच बसतो, आधी पाय नीट पुसा मग चिमूटभर.

दुसरं म्हणजे कपाटातले "नवेकोरे" बूट. लग्नात घातले, मग डब्यात ठेवले, तीन-चार वर्षांनी मे महिन्यात कुणाच्या तरी मुंजीला काढले. दिसायला एकदम झकास. आमच्या सोसायटीतले एक काका असेच निघाले, ठाणे स्टेशनच्या पुलावर चढताना टाचेखालून काळा चुरा पडायला लागला, त्यांना वाटलं कुठून डांबर लागलं, वरच्या पायरीपर्यंत एका बुटाचा तळवा सोलून लोंबायला लागला. पुलाखालच्या चप्पल दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि सरळ सांगितलं की हे शिवून होणार नाही, शिलाई धरायला काही उरलंच नाहीये. यात बूट डुप्लिकेट असायलाच हवेत असं नाही. पीयूचा (पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या फोमचा) सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातो, आणि वापरात नसलेला तर बऱ्याचदा लवकर कुजतो. म्हणून जुने बूट कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हातात घेऊन मधोमध वाकवा, अंगठ्याने टाच दाबा. भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा चुरा पडला तर घालूच नका. कपाटात कितीही सिलिका जेलच्या पुड्या टाका, प्रकार लांबतो फक्त.

फोमचे क्लॉग सध्या सगळ्यांच्या पायात असतात, हलके, धुवायला सोपे, घरच्या घरी आणि बाजारहाटीला मस्त. पण धुऊन कडक उन्हात गॅलरीत ठेवले किंवा उभ्या गाडीत विसरलात तर ते चक्क आक्रसतात. एक नंबर लहान झाल्यासारखे होतात आणि आपण म्हणतो पाय सुजलेत. सावलीत वाळवा. आणि तळ गुळगुळीत झालेले क्लॉग घालून ओल्या फरशीवर किंवा बोटीच्या फळीवर जाऊ नका.

कोल्हापुरी हा माझा वीक पॉइंट आहे त्यामुळे जरा जास्त लिहिणार. उघडी, हवा लागते, साडीवर कुर्त्यावर जीन्सवर कशावरही जाते. पण नवी कोल्हापुरी घालून पहिल्याच दिवशी शोभायात्रेला जाणारे लोक दरवर्षी दिसतात, पाडव्याच्या सकाळी कोपिनेश्वर मंदिराकडून यात्रा निघते आणि थोड्याच वेळात कोपऱ्याकोपऱ्यावर नटूनथटून आलेल्या बायका चपला हातात घेऊन बँडएड शोधत असतात. कोल्हापुरी चावणारच. आधी आठवडाभर घरात मोजे घालून थोडी थोडी वापरा, अंगठा आणि पट्टा जिथे घासतो तिथे आतून बोटभर तेल चोळा, खोबरेल किंवा एरंडेल, रात्रभर मुरू द्या. तेलाने न्हाऊ घालू नका, तळवा लिबलिबीत होतो आणि धूळ धरतो. घामाने ओली झाली तर उन्हात अजिबात नको, ते कातडं वनस्पतींच्या रसायनात कमावलेलं असतं, उन्हात कडक होऊन तडकतं. आणि दुसरी गोष्ट, खरेदी संध्याकाळी करा. दिवसभर चालून, उभं राहून पाय फुगलेला असतो, सकाळी अकराला घट्ट फिट बसलेली चप्पल रात्री लोकलमध्ये उभं राहिल्यावर आपली किंमत वसूल करते.

मंदिरात चपला काढायच्या, यावर वाद नाही. पण दुपारी बाराला काळ्या फरशीवरून अनवाणी पळत जाणं ही भक्ती नाही, तो भाजण्याचा प्रकार आहे. घरातल्या डायबेटिसवाल्या आजी-आजोबांना तर पायाला भाजलेलं कळतच नाही, घरी येऊन फोड दिसतो, तो चिघळतो आणि मग महिनाभर ड्रेसिंग. त्यांना सकाळी लवकर न्या किंवा दिवेलागणीला. चटई अंथरलेली वाट असेल तर तीच धरायची, आणि घरी आलं की तळवे बघायचे, त्यांचे त्यांना वाकून दिसत नाहीत.

कपड्यांत एकच सांगतो, सुती म्हणजे कुठलंही सुती नव्हे. जाड डेनिम पण कॉटनच आहे, एकदा भिजली की रात्रीपर्यंत मांड्यांना चिकटून बसते. मलमल, पातळ खादी, सैल लिनन. आणि लोकल पकडायची असेल तर पिशवीत एक जादा टीशर्ट, एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

फिरायला जाताना लोक नकाशात अंतर बघतात, घड्याळ बघतच नाहीत. नवी मुंबईत हे फार होतं. स्टेशनपासून "फक्त दीड किलोमीटर" दिसतं, पण तो दीड किलोमीटर रुंद रस्त्याच्या कडेने, झाड नाही, टपरी नाही, असा असू शकतो. मेच्या मध्यावर तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, बिल्डिंगची सावलीही बिल्डिंगच्या पायाशी. त्या वेळात शेवटच्या टप्प्याला रिक्षा करा, पैसे वाचवायची ती जागा नाही.

आणि मोकळ्या मैदानावरचे भरदुपारचे कार्यक्रम, मग ते कितीही मोठे असोत, टाळा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला एका सोहळ्यात लाखो लोक उन्हात बसले होते, तापमान ३८ च्या आसपास होतं आणि उष्माघाताने १४ जण गेले. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जातोय, अंग तापलंय, तर "जरा लिंबू सरबत द्या" करत बसू नका. १०८ ला फोन, सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असंही समजू नका.

बरं, आता मजेच्या गोष्टी, कारण घरात बसून एसीचं बिल वाढवणं हा काही उपाय नाही.

फ्लेमिंगो बघायचे असतील तर मेपर्यंतच, पावसाआधी ते निघतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. इथे चूक अशी होते की लोक रविवारी निवांत नाश्ता करून, आपल्या सोयीने निघतात आणि मग "एक पण पक्षी नव्हता" म्हणून वैतागतात. सगळा खेळ भरती-ओहोटीचा आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी त्यावर लांबवर पांगून खात असतात, भरती आली की चिखल बुडतो आणि ते नेरुळच्या पाणथळ जागांकडे सरकतात. म्हणजे नेरुळला जायचं तर भरती बघून. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातल्या बोटीची वेळही पाण्यावर ठरते, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मैत्रिणीने गेल्या आठवड्यात सांगितलेली वेळ या आठवड्यात बाद. आधी चौकशी करा, बुकिंग करा. नेरुळच्या डीपीएस तलावाचं तर आधी कुणाला तरी विचाराच, २०२४ मध्ये भरतीचं पाणी आत येईनासं होऊन तो सुकला होता. बोटीत टोपीला दोरी हवी, खाडीचा वारा टोपी नेतो.

ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर जायचं तर पहाटे. नऊच्या पुढे तिथे झाडाखालीसुद्धा घुसमटतं, आणि तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे, अंधारात रील करायला जायची जागा नाही. स्पीकर तर नकोच नको. मे महिन्यात वाटेवर करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या आदिवासी बायका भेटल्या तर त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका, काट्यातून तोडून आणलेली असतात ती. खारघरच्या पांडवकड्याला मात्र आत्ता जाऊ नका, धबधबा कोरडा, नुसता तापलेला कडा बघून परत याल.

नाटक हा उन्हाळ्यातला सगळ्यात शहाणा बेत आहे असं माझं ठाम मत आहे. गडकरी रंगायतन, घोडबंदर रोडचं घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे, तीन तास गारवा आणि मध्यंतरात वडा. सुट्टीत बालनाट्यं पण लागतात. चुका दोनच. एक, गडकरीला गाडी घेऊन जाणं. तलावपाळीला पार्किंग शोधताना तिसरी घंटा होते, घामाघूम होऊन अंधारात लोकांच्या पायावर पाय देत सीट शोधावी लागते. स्टेशनवरून चालत या ना, दहा-पंधरा मिनिटं लागतात. दोन, ओल्या शर्टाने थेट एसीत बसणं, मध्यंतरापर्यंत शिंका सुरू. पंधरा मिनिटं आधी पोचा, तोंड धुवा, तो जादा टीशर्ट इथे कामाला येतो, आणि मुलांसाठी पातळ स्टोल ठेवा.

बेलापूरच्या अर्बन हाटला हातमागाचं, हस्तकलेचं प्रदर्शन असेल तर उन्हं उतरल्यावर जा, दुपारी विक्रेतेही वैतागलेले असतात बिचारे. चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं, कुणी बोलावलं तर कंटाळा करू नका. आंबेडाळ आणि पन्हं एवढ्यासाठी मी उन्हाळ्याला बऱ्याच गोष्टी माफ करतो. फक्त पन्हं घरून बाटलीत न्यायचं असेल तर बर्फ टाकून न्या, गरम गाडीत ठेवलेलं नको.

पिण्याच्या बाबतीत ओआरएसचा घोटाळा ठरलेला. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून पितात, खारट लागतं म्हणून अर्धं ओततात. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, आणि दिवसभरात संपवायचं. फळांच्या चवीची गोड टेट्रापॅक ड्रिंक्स म्हणजे ओआरएस नव्हे. बीपी-किडनीवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच. नीरा सकाळीच आणि गारच घ्या, ऊन चढलं की ती आंबायला लागते.

ताडगोळ्यांचं पण तसंच, दुपारी चारला हातगाडीवर उरलेले घेऊन मग "रबरासारखे आहेत" म्हणू नका. सकाळी जा, साल पातळ आणि फिकट बघा, बोटाने हलकं दाबलं तर आत पाणी डुचमळलं पाहिजे. आणि मावशींना "कवळे द्या" म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर वरचे दोन कवळे आणि खाली सगळे जून.