शापोआसाठी (शालेय पोषण आहारासाठी) स्वयंपाकी नेमताय? या चुका टाळा

जून उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळेत पट टिकवण्याच्या धावपळीत आणखी एक प्रश्न उभा राहतो: पोषण आहार कोण शिजवणार? गेल्या वर्षीच्या मावशी मुलाकडे पुण्याला गेलेल्या असतात, किंवा बागेतल्या कामाला रोज जास्त पडतो म्हणून त्यांनी हे काम सोडलेलं असतं. मग घाईघाईत कुणाला तरी ‘या उद्यापासून’ म्हटलं जातं. दिवाळीच्या आत तक्रारी सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींची मुळं नेमणुकीच्या दिवशीच रुजलेली असतात.

पैशाचं मोघम बोलणं

सगळ्यात जास्त माणसं इथं तुटतात. स्वयंपाकी तथा मदतनीस हे मानधनाचं पद आहे, पगाराचं नाही. केंद्राच्या निकषात २००९ पासून महिना १,००० रुपये आहेत. राज्याने भर घालून महाराष्ट्रात ते २,५०० वर नेलं. तेही वर्षातले दहा महिने. आणि ते दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त नवीन येणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. ‘मिळतील हो, सरकारी काम आहे’ असं म्हणून वेळ मारून नेऊ नका. किती, किती महिने, उशीर होतो तेव्हा साधारण किती होतो आणि विचारायचं कुणाला, हे पहिल्याच बैठकीत सरळ सांगा. ऐकून चार जणी उठून जातील. जाऊ द्या. सप्टेंबरात जाण्यापेक्षा ते बरं.

‘पुढे कायम होईल’ हे आमिष तर दाखवूच नका.

मुलाखत ऑफिसात घेणं

खुर्चीवर बसवून ‘स्वयंपाक येतो का?’ विचारलं तर कुठली बाई नाही म्हणेल? घरच्या सहा माणसांचा स्वयंपाक आणि साठ मुलांचा स्वयंपाक यांत फरक आहे, आणि तो किचनशेडमध्येच दिसतो. एक दिवस चाचणीचा ठेवा. मोठं पातेलं, शाळेचीच शेगडी, शाळेचाच तांदूळ. काय बघायचं? तांदूळ निवडताना हात थांबतो का. भाजी आधी धुते की चिरल्यावर. पाणी पिण्याच्या टाकीतून घेते की जवळ दिसेल त्या नळाचं. काम संपल्यावर रेग्युलेटर बंद करते का. नखं, पदर, केस हे तर दिसतंच.

मग दोन-तीन प्रश्न विचारा. ‘उद्या दुपारी मटकीची उसळ आहे, मटकी कधी भिजवाल?’ जिला रोजचं काम माहीत आहे ती सांगेल, आज सकाळी भिजत घालते, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधते. त्यावर पुढचा प्रश्न: ‘आणि उसळ सोमवारी असेल तर?’ रविवारी शाळेला कुलूप. शनिवारी मटकी मोजून, वहीत लिहून घरी नेते, असं जी स्वतःहून म्हणाली, ती बाई निम्मी नेमल्यातच जमा. २०२४ नंतर पाककृती वाढल्या आणि मोड आलेली कडधान्यं आली. नुसता भात शिजवणारा हात आता पुरत नाही.

मापाचंही बघा. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. पहिली ते पाचवीचा पट ४२ आणि आज हजर ३६, तर तांदूळ किती? उत्तर ३ किलो ६०० ग्रॅम. पटावर नाही, हजेरीवर शिजवायचं. अंदाजपंचे ओतणारी बाई असली की महिनाअखेरीला साठा नोंदवही जुळत नाही आणि निस्तरावं मुख्याध्यापकाला लागतं. मात्र लिहितावाचता येत नाही म्हणून चांगल्या हाताच्या बाईला नाकारू नका. एक किलोचा आणि पाव किलोचा डबा खूण करून द्या, ती कुणाच्याही आधी हिशेब शिकते.

शेवटचा प्रश्न तेलाचा: ‘डबा उघडला आणि वास वेगळा आला, तर?’ बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. स्वयंपाकिणीला तेलाबद्दल शंका आली होती आणि तरी तेच वापरायला सांगितलं गेलं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. म्हणून ‘सर म्हणतील तसं’ हे उत्तर मला चालत नाही. ‘वापरणार नाही, आधी तुम्हाला दाखवेन’ असं म्हणणारी बाई हवी. तिने तसं दाखवल्यावर तिच्यावर डाफरणारे मुख्याध्यापक असतील, तर मात्र अशी बाई नेमूनही उपयोग नाही.

‘आपल्यातलीच घ्या’

सरपंचांचा फोन येतो, शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सदस्याची भावजय रिकामी असते. वशिल्याने आलेल्या बाईला कामात चूक दाखवायची सोय राहत नाही, ही खरी अडचण. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लावा, आठवडाभर राहू द्या, अर्ज लेखी घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून त्यात निवडीचं कारण लिहा. मग फोन आला तरी दाखवायला कागद असतो.

जातीचा मुद्दाही इथेच निघतो. दलित बाईच्या हातचं आमची मुलं खाणार नाहीत, असं आजही कुठे कुठे आडून सुचवलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावं असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा गावात वाद नको म्हणून मधला मार्ग काढणं हीदेखील चूकच. नेमणूक करा, आणि पहिल्या दिवशी शिक्षकांनी मुलांच्या पंगतीत बसून जेवावं.

कागदपत्रं नंतर बघू

मानधन अडकण्याचं एक अगदी क्षुल्लक कारण असतं. आधारवर सासरचं नाव, बँकेच्या पासबुकावर माहेरचं. पासबुक आणि आधार समोर ठेवून अक्षरं ताडून पाहा, नावापुढचं ‘बाई’ आणि ‘ताई’सुद्धा. आधार खात्याला जोडलंय का, खातं चालू आहे का, तेही त्याच दिवशी. करारनामा करा, एक प्रत तिला द्या.

आरोग्य तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधी करून घ्या. टायफॉइड होऊन गेलाय का, त्वचेचा काही संसर्ग आहे का, हे डॉक्टरांनी बघू द्या. ‘चांगली धडधाकट दिसते की’ हा दाखला होत नाही. चारित्र्य पडताळणीचंही तेच. बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळेतल्या नेमणुकांबाबत दक्षतेच्या सूचना दिल्या. ओळखीची बाई आहे म्हणून त्यातून सूट घेऊ नका.

एकटीवर सगळं

२५ पर्यंत मुलांना एक, २६ ते १०० ला दोन असा निकष आहे. पुढचा आकडा पंचायत समितीतून खात्री करून घ्या. पण एकच पद असलेल्या वाडीवस्तीच्या शाळेत ती बाई आजारी पडली, लग्नाला गेली, कांदा काढणीला गेली की जेवण बंद. नेमतानाच दुसऱ्या क्रमांकाच्या अर्जदाराला बदली म्हणून ठरावात घ्या, तिचीही तपासणी उरकून ठेवा. आणि वर्गखोल्या झाडणं, पाहुण्यांचा चहा, शौचालय धुणं ही कामं हळूहळू तिच्याच गळ्यात घालू नका. शौचालय धुऊन तोच हात पिठाला लागणार.

काढायची वेळ आली तर

तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं की प्रकरण थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जातं. आधी तोंडी समज, मग लेखी, तिचं म्हणणं लिहून घेणं, मग समितीचा ठराव, या क्रमाने जा. शेवटच्या दिवशी दोन सदस्यांसमोर धान्य मोजा, सिलिंडर आणि भांडी मोजा, किचनशेडची किल्ली सही घेऊन ताब्यात घ्या, आणि तिचं थकलेलं मानधन किती महिन्यांचं आहे ते त्याच कागदावर लिहून तिला प्रत द्या.