पट्टा, भाला आणि विग्रह : लढाईचा अडलेला नियम कसा सोडवायचा

रविवारी दुपारी तीन वाजता साताऱ्यात आमच्या शाहूपुरीच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि नियमांचा निकाल देणारी. खेळायला माझा दहावीतला भाचा, त्याचे दोन मित्र, वरच्या मजल्यावरच्या वहिनी आणि एमआयडीसीत लेथवर काम करणारे एक दादा. पुस्तक इंग्रजी, बोलणं सगळं मराठी. बाकी सहा दिवस मी क्लासमध्ये मराठी व्याकरण शिकवते. त्या शिकवण्याचा या टेबलावर इतका उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. लढाईतला नियम अडला की मी तो मराठीत उतरवून त्याचा विग्रह करते. पाचातले चार वाद तिथेच सुटतात.

पीतांबर हा शब्द घ्या. पिवळं वस्त्र म्हटलं तर कर्मधारय, आणि ज्याने पिवळं वस्त्र नेसलंय तो म्हटलं तर बहुव्रीही. शब्द तोच, फोड वेगळी, अर्थही वेगळा. शस्त्रांच्या नियमांत असे पीतांबर जागोजागी आहेत.

गेल्या पावसाळ्यात वहिनींचा पॅलाडिन, म्हणजे मंत्र जाणणारा योद्धा, दरीच्या अलीकडे होता आणि ओगर नावाचा राक्षस पलीकडे. वहिनींनी फेकीचा भाला टाकला, वीस बाजूंच्या फाशावर सतरा पडले, भाला लागला. "आता स्माईट," त्या म्हणाल्या. म्हणजे एक स्पेल स्लॉट (मोजूनच मिळणारं मंत्रबळ) खर्चून घावाला आठ बाजूंचे दोन फासे जास्तीचे. भाचा लगेच म्हणाला, "आत्या, फेकून मारल्यावर स्माईट चालत नाही." दादांनी शस्त्रांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "ताई, हे बघा, भाला हातघाईच्या शस्त्रांतच दिलाय." चहावर साय धरली, तरी कोणी कपाला हात लावला नाही.

अशा वेळी आवाज चढायच्या आधी एकच करा : नियमाचं पूर्ण वाक्य मोठ्याने वाचा. आठवणीतलं नको, पुस्तकातलं वाचा. पुस्तक नसेल तर २०१४च्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. ती पीडीएफ मोबाइलमध्ये असू द्या. त्या वाक्यात होतं, मेले वेपन अटॅक. मेले म्हणजे हातघाई. मी वहीत दोन विग्रह लिहिले. पहिला, शस्त्राने केलेला हातघाईचा हल्ला. दुसरा, हातघाईच्या शस्त्राने केलेला हल्ला. भाचा पहिला वाचत होता, दादा दुसरा. भाला हातघाईचं शस्त्र आहे, पण फेकला की हल्ला लांबचा होतो. म्हणून दुसरा विग्रह धरला तर स्माईट बसते, पहिला धरला तर नाही.

आता निवडायचा कोणता? तोच शब्दप्रयोग पुस्तकात आणखी कुठे आलाय ते शोधा. २०१४च्या नियमांत नुसत्या मुठीने मारलेला ठोसासुद्धा मेले वेपन अटॅकमध्ये धरलाय, आणि मूठ हे काही शस्त्र नव्हे. दुसरा विग्रह धरला तर ठोशाचा नियम उभाच राहत नाही. म्हणजे पहिलाच बरोबर. स्माईट नाही. वहिनींचा स्लॉट खर्ची धरला नाही आणि त्यांना दुसरं काही करायचं असेल तर तेही विचारलं. खेळाडूने प्रामाणिकपणे एक अर्थ धरून चाल केली असेल आणि निकाल उलटा गेला, तर तिचं नुकसान होऊ द्यायचं नाही. यात मी तडजोड करत नाही.

गंमत अशी की २०२४च्या सुधारित आवृत्तीत स्माईट हा मंत्र झालाय, आणि तिथली शब्दरचना आहे "हातघाईच्या शस्त्राने किंवा ठोशाने घाव लागल्यावर". हा थेट दुसरा विग्रह! त्या पुस्तकाने खेळत असतो तर निकाल वहिनींच्या बाजूने लागला असता. म्हणून डाव सुरू करतानाच कोणतं पुस्तक चालणार ते ठरवा. अर्धा नियम इथला आणि अर्धा तिथला घेतला की टेबलावर रोज भांडण.

टर्न आणि राउंडचा घोळ याच जातीचा, पण लवकर सुटतो. टर्न म्हणजे पाळी, राउंड म्हणजे फेरी. एका फेरीत प्रत्येकाची एक पाळी येते आणि सगळी फेरी सहा सेकंदांची. रोग (rogue) या चोरट्या पात्राची स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराचे जास्तीचे फासे, दर पाळीला एकदा आहे, दर फेरीला नाही. म्हणजे शत्रू आपल्या पाळीत पळू लागला आणि रोगने रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी चाल) वापरून त्याच्यावर वार केला, तर बाकीच्या अटी जुळत असतील तर तिथे स्नीक अटॅक पुन्हा लागते. सुरुवातीच्या महिन्यांत मी दोन्हींसाठी वहीत "फेरी" लिहीत होते आणि भाच्याच्या मित्राचे हक्काचे फासे बुडवत होते. कळल्यावर त्याची माफी मागितली.

विशेष नियम सामान्य नियमाला मागे सारतो हे पुस्तकात सुरुवातीलाच दिलंय. संस्कृत व्याकरण शिकलेल्याला हे नवं नाही, तिथे त्याला उत्सर्ग आणि अपवाद म्हणतात. वाद पेटला की दोन नियमांतला अपवाद कोणता ते आधी विचारा.

काही नियम मात्र स्पष्ट असतात, फक्त पटत नाहीत. २०१४चं जाळं घ्या. त्याचा पल्ला पाच फूट, लांबचा पल्ला पंधरा. शत्रू पाच फुटांत असेल तर जवळ असल्यामुळे डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), त्यापुढे असेल तर लांब असल्यामुळे डिसअॅडव्हान्टेज. संगम माहुलीला नदीत जाळं टाकणारे बघत वाढलेल्या भाच्याला हे पटेना. मला तरी कुठे पटत होतं? पण इथे अर्थ लावायला जागाच नाही, वाक्य सरळ आहे. न पटणारा नियम बदलायचा असेल तर "आपण बदलतोय" असं उघड सांगून, सगळ्यांच्या संमतीने बदला. अर्थ लावल्याचं निमित्त करून नव्हे. (२०२४मध्ये जाळ्यासाठी हल्ल्याचा फासाच नाही, समोरच्याला डेक्स्टेरिटीचा सेव्ह, म्हणजे चपळाईने वाचण्यासाठीचा फासा, टाकावा लागतो.)

खरं डोकं लागतं ते पुस्तकात नसलेल्या शस्त्राला. सातारची पोरं म्हटल्यावर पहिल्याच दिवशी मागणी आली, दांडपट्ट्याची. लांब, सरळ, दुधारी पातं, आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी आवरण. आतली आडवी मूठ धरली की मनगट आणि पातं एकाच रेषेत. इंग्रजी तक्त्यात असं काही नाही.

अशा वेळी आधी फासा ठरवायचा नाही, आधी वस्तू समजून घ्यायची. भाच्याने कापडाच्या ताग्यातला पुठ्ठ्याचा नळा आणला, आत आडवी पट्टी चिकटवली आणि हात घातला. मी म्हटलं, आता त्या हाताने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघड. त्याने नळ्याच्या टोकाने बाटली ढकलली, मग दोन गुडघ्यांत धरली, शेवटी डाव्या हाताने उघडली. मग दादांनी नळा ओढून काढायचा प्रयत्न केला. हात खांद्यापासून पुढे आला, पण नळा निघेना. पाच मिनिटांत सगळ्या टेबलाला शस्त्र कळलं.

मग पुस्तकातला सगळ्यात जवळचा नियम शोधला. घाव लाँगसोर्डचा, आठ बाजूंचा एक फासा. पण दोन्ही हातांनी धरून दहाचा फासा नाही, कारण दुसऱ्या हाताला धरायला जागा नाही. हातातली वस्तू पाडायला लावणारा डाव पट्ट्यावर चालणार नाही, तो नुसता धरलेला नसून चढवलेला असतो. एवढा फायदा दिला तर त्याची किंमतही हवी. चढवलेल्या वस्तूचा नियम ढालीपाशी सापडला : ढाल चढवायला एक अॅक्शन (पाळीतली मुख्य चाल), उतरवायला एक अॅक्शन. तेच पट्ट्याला लावलं. शिवाय तो हात मोकळा धरायचा नाही. औषधाची कुपी नाही, मंत्राचे हातवारे नाहीत, दोरही धरता येणार नाही. भाच्याने आनंदाने मान्य केलं, नळ्यात हात त्याचाच अडकला होता ना.

वाघनखांना इतका वेळ लागला नाही. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं सातारच्या संग्रहालयात आली, तेव्हा सगळ्यांनी पाहिली होती. फेकता न येणारा खंजीर, चार बाजूंचा फासा. तळहातात लपवली तर स्लाइट ऑफ हँडची, म्हणजे हातचलाखीची, चाचणी.

निकाल दोन मिनिटांत द्या. तेवढ्यात नीट अर्थ सापडला नाही तर खेळाडूच्या बाजूने द्या, तारीख घालून वहीत लिहा आणि त्या दिवसापुरता तोच ठेवा. तोच निकाल राक्षसांनाही लागू, हे मोठ्याने सांगा. जाळं आपल्याला सोपं केलं तर गॉब्लिनच्या हातातलं जाळंही सोपं होणार म्हटल्यावर पोरं फार विचार करून मागणी करतात. नंतर घरी शांतपणे पुस्तक उघडा आणि चुकलं असेल तर पुढच्या रविवारी खेळाआधीच सांगा.

सध्या वहीत गोफणीचा प्रश्न सुटायचा राहिलाय. दादांच्या गावी ज्वारीच्या राखणीला गोफण असते, आणि त्यांचं म्हणणं की डाव्या हातात ढाल असली तरी उजव्याने गोफण फिरवता येते. फिरवता येईल, पण धोंडा भरायचा कोणत्या हाताने? एकहाती शस्त्रात दारूगोळा भरायला दुसरा हात मोकळा हवा, असं नियम सांगतो. दादा म्हणाले, रविवारी गोफण घेऊनच येतो, गच्चीवर जाऊन बघू.