जुनी गाडी घेताय? टेस्ट ड्राइव्ह थंड इंजिनवर आणि भर उन्हात घ्या

जुनी गाडी बघायला गेलं की विकणारा सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत एक चक्कर मारून आणतो आणि 'एकदम मक्खन आहे' म्हणतो. तेवढ्यात काहीही कळत नाही. किमान पाऊण तास गाडी तुमच्या हातात हवी. तो तयार नसेल तर दुसरी गाडी बघा. निघण्याआधी आरसी, चालू विमा आणि स्वतःचं लायसन्स तपासा. केए म्हणजे कर्नाटक पासिंगची गाडी असेल तर एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) आणि इथला रोड टॅक्स हा खर्च किमतीत धरा.

फोनवरच सांगा, 'गाडी सावलीत ठेवा आणि मी येईपर्यंत चालू करू नका.' पोचलात की बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी जा. कमजोर बॅटरी, डिझेलचे खराब ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत गरमी देणारे), टायमिंग चेनचा खडखडाट हे दोष इंजिन तापल्यावर लपतात. सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय, बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला आणि कूलंटही कमी असेल, तर ती गाडी नकोच.

आता खरी परीक्षा, आपल्या सोलापूरच्या उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, म्हणून दुपारी 2 ते 4 मध्येच जा. सकाळी आठला प्रत्येक गाडीचा एसी गार वाटतो. गाडी उन्हात उभी करा, एसी फुल करा आणि दहा-पंधरा मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा फिरायला लागल्याचा आवाज यायला हवा आणि तापमानाचा काटा मध्याच्या आसपासच राहायला हवा. काटा वर सरकत राहिला तर रेडिएटर चोंदलाय, पंखा किंवा थर्मोस्टॅट बिघडलाय. उभ्या गाडीत एसी कोमट आणि चालू गाडीत गार, असं असेल तर पंख्याचा वारा कमी पडतोय किंवा गॅस कमी आहे. वेगात समोरून वारा मिळतो, म्हणून हा दोष धावत्या गाडीत झाकला जातो. काही छोट्या गाड्यांत काटा नसतो, फक्त दिवा असतो. तिथे मेकॅनिककडचा स्कॅनर लावून तापमान बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

नवी पेठेच्या गर्दीत क्लच कळतो. पेडल पार वर आल्यावरच गाडी उचलत असेल तर क्लच प्लेट संपत आलीय. खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम (इंजिनचे फेरे) चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

मग पुणे हायवेला लागा. केगावच्या पुढे जाऊन सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडे वळलं तरी पुरे. रेडिओ बंद, काचा वर. 80 ला स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरलं तर ब्रेकची डिस्क. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची. मागे कुणी नाही हे पाहून 50 वरून जोरात ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढली तर बहुधा ब्रेकचा कॅलिपर अडकतोय.

परतताना एखादा खराब रस्ता घ्या. स्पीडब्रेकरवर 'खट्ट' आवाज आला तर सस्पेन्शनचा बुश किंवा लिंक रॉड. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा; टकटक ऐकू आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय.

शेवटी गाडी कोरड्या फरशीवर लावा आणि दहा मिनिटांनी खाली वाका. स्वच्छ पाणी एसीचं असतं, त्याची काळजी नको. काळं ऑइल किंवा रंगीत कूलंट दिसलं, तर टोकन देण्याआधी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवा आणि दुरुस्तीचा आकडा काढूनच भाव बोला.