बुडाजवळचा चकचकीत पट्टा

रीलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरणं, शिकायला लागलो तेव्हा वाटलं होतं, खरं काम बंदुकीची दारू मोजण्याचं. ज्यांच्याकडे शिकत होतो त्यांनी मात्र बरेच दिवस काट्याला हातच लावू दिला नाही. समोर रायफलच्या झाडलेल्या पुंगळ्यांचा ढीग ओतला आणि म्हणाले, चांगल्या-वाईट वेगळ्या कर.

मानेला चीर गेलेल्या तेवढ्या मी बाजूला काढल्या. पितळ दर फेरीला फुगतं, डायमध्ये (पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) दाबलं जातं, कडक होत जातं आणि मानेशी तडकतं. ते दिसतं, म्हणून सोपं. त्यांनी माझ्या ‘चांगल्या’तली एक उचलली. बुडाच्या किंचित वर चकचकीत पट्टा होता. मी म्हटलं, डायचा घासा असेल. काही वेळा तो तसाच असतोही. पण त्यांनी जेम क्लिप सरळ केली, टोक जरासं वाकवून घासून अणकुचीदार केलं आणि आतल्या भिंतीवरून फिरवायला दिलं. एका जागी टोक खट्कन अडकलं. आतून पितळ ताणून पातळ होऊन खाच पडली होती.

बार उडताना पुंगळीची पुढची बाजू चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला, घट्ट धरते आणि बूड मागे ताणलं जातं. डायने खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा जास्त मागे ढकललेला असला, की हा ताण दरवेळी त्याच जागी पडतो. शेवटी तिथूनच दोन तुकडे होतात आणि तापलेला वायू मागे येऊ शकतो. बोल्ट-ॲक्शनला (हाताने बोल्ट मागे-पुढे करायच्या रायफलला) खांदा साधारण ०.००२ इंच मागे गेला तरी पुरतो, हे त्या दिवशी कळलं.

पुंगळीची लांबी कॅलिपरने मोजायचीच. .३०८ विंचेस्टरला कमाल २.०१५ इंच, मान वाढून लांबी त्याहून जास्त झाली तर ती चेंबरच्या टोकाला चेपून गोळीला आवळते आणि दाब चढतो. नवा प्रायमर (बुडात बसणारी, दारू पेटवणारी टोपी) अडखळल्याशिवाय सरकन आत गेला, तर ती पुंगळी बाद. मानेवरचा निळसर-तांबूस डाग मात्र कारखान्यात तापवल्याचा असतो, त्याला घाबरू नका. आणि अमोनिया असलेलं पॉलिश पितळाला लावू नका, त्याने पितळ आतून तडकतं.

लॉटमधल्या एकीत खाच सापडली तर मी सगळ्या तपासतो. बाद झालेलीची मान पक्कडीने चेपूनच टाकतो. एकदा तशीच डब्यात टाकली होती. आठवड्याने तीच धुऊन लखलखीत होऊन परत माझ्या ट्रेमध्ये आली.