समुद्रसापाच्या बाबतीत या चुका टाळा

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असले, तरी दर पावसाळ्यात फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठी टिपलेले छायाचित्र 'समुद्रसाप सापडला' अशा मथळ्यासह माझ्याकडे येतेच, आणि ती बहुधा बिनविषारी पाणदिवड निघते. लोक पट्टे पाहतात. मी आधी शेपटी पाहतो. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी दोन्ही बाजूंनी चपटी असते, तर पाणदिवडीची गोल आणि निमुळती. शेपटी न दिसणाऱ्या छायाचित्राला मी उत्तरच देत नाही.

यापेक्षा घातक चूक म्हणजे रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या जाळ्यातून, वाळूवर आलेला, निपचित पडलेला समुद्रसाप निरुपद्रवी समजणे. मालवणच्या सहलीत नागपूरच्याच एका उतावळ्या विद्यार्थ्याने छायाचित्रासाठी असा साप शेपटीला धरून उचलला आणि 'याचे तोंड लहान असते, चावता येत नाही' हे ज्ञान तो आम्हालाच ऐकवत असताना सापाने वळून त्याच्या शर्टाच्या बाहीला चावा घेतला. जाड कापडामुळे तो वाचला. एका मच्छीमाराने काठीने साप सोडवून पाण्यात नेला. तो हायड्रोफिस शिस्टोसस होता. खाड्यांमध्ये आणि उथळ किनाऱ्यालगत राहणारी ही जात शिंगाळ्यासारखे काटेरी मासे गिळते, तेव्हा तोंड लहान असल्याची समजूत मुळातच फोल आहे. पोटाखालचे खवले फार लहान झाल्यामुळे त्याला वाळूवर नीट सरपटता येत नाही, एवढेच. जबडा आणि विषग्रंथी शाबूत असतात.

दुखत नाही म्हणून वाट पाहू नये. दंश बहुधा वेदनारहित असतो, सूजही फारशी येत नाही. मग अर्ध्या तासापासून काही तासांत अंग दुखते, स्नायू आखडतात आणि स्नायूंची मोडतोड होऊन लघवी गडद तपकिरी होते. आपल्याकडील नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषापासून बनते, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. चावा झालेला हात किंवा पाय फळीने स्थिर करून डायलिसिस आणि व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठावे; घरगुती उपायांत वेळ घालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, गाडी मागवतो.

समुद्रसापाला कल्ले नसतात, श्वासासाठी तो पृष्ठभागावर येतो. म्हणून जाळ्यात तो बुडून मरू शकतो. वाळूत त्याची अंडी शोधणेही व्यर्थ, कारण हायड्रोफिस गटातील साप पाण्यातच पिल्लांना जन्म देतात. जमिनीवर अंडी घालतात ते लॅटिकॉडा गटातले.