कॅमेरा आहे, फुटेज आहे, पण माणूस ओळखू येत नाही: सीसीटीव्ही बसवताना या चुका टाळा

चोरी झाल्यावर फुटेज बघायला बसलेल्या लोकांची निराशा बहुतेक वेळा सारखीच असते. माणूस आत शिरताना दिसतो, बाहेर पडताना दिसतो, पण तो कोण ते सांगता येत नाही. टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. गाडी दिसते, पण नंबर प्लेटच्या जागी पांढरा झगमगाट. कॅमेरा बिघडलेला नसतोच. घेताना ‘किती कॅमेरे’ आणि ‘किती मेगापिक्सेल’ एवढंच विचारलेलं असतं. कुठे उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखू यायला हवा, हे कोणी ठरवलेलंच नसतं. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर भुलणं

रिझोल्यूशन म्हणजे तुमच्या हातात असलेले ठिपके. ते किती रुंद जागेवर पसरायचे, हे लेन्स ठरवते. या कामासाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतले आकडे हिशेबाला सोपे आहेत: समोर माणूस आहे एवढं कळायला दृश्याच्या रुंदीत दर मीटरला २५ पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०.

आता गणित करून बघा. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. दर मीटरला २५० पिक्सेल हवे असतील तर तो जेमतेम ७.७ मीटर रुंदी सांभाळू शकतो. सर्रास बसवली जाणारी २.८ मिमीची लेन्स साधारण १०० ते ११० अंश बघते, म्हणजे एवढी रुंदी तिच्यात अवघ्या ३ मीटरवरच भरते. त्यापलीकडच्या अनोळखी माणसाचा चेहरा हातातून गेला. मग लोक ४के घेतात, म्हणजे चौपट पिक्सेल. पण रुंदीत ते दुप्पटच होतात, त्यामुळे अंतर ३ वरून ६ मीटर होतं, बस. त्याऐवजी तोच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ मिमीच्या लेन्सने घेतला, तर चेहरा सुमारे ८ मीटरपर्यंत मिळतो. दृश्य अरुंद होतं, हे खरं. पण फाटक तेवढंच रुंद असतं ना?

जिथून कोणालाही यावंच लागतं, अशी एखाद-दोन ठिकाणं प्रत्येक जागेला असतात: मुख्य दार, फाटक, जिन्याचा पहिला टप्पा. तिथे अरुंद लेन्स लावा, बाकी आवारासाठी रुंद. अंदाज येत नसेल तर व्हॅरिफोकल लेन्सचा कॅमेरा घ्या, म्हणजे बसवल्यावरही दृश्य आवळता किंवा पसरवता येतं.

छोट्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) ८ मेगापिक्सेल कोंबलेला स्वस्त कॅमेरा रात्री त्याच आकाराच्या सेन्सरच्या ४ मेगापिक्सेलवाल्यापेक्षा वाईट दिसू शकतो, कारण प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. म्हणून डब्यावरच्या मेगापिक्सेलबरोबर सेन्सरचा आकारही विचारा. विकणाऱ्याला तो सांगता येत नसेल, तर त्यावरूनही काय ते समजतं.

हात पोचू नये म्हणून फार उंच लावणं

५ मीटरवर लावलेला कॅमेरा ३ मीटर पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे जवळजवळ ४९ अंशांतून खाली बघतो. त्याला डोक्याचा माथा दिसतो. तोच कॅमेरा २.६ मीटरवर असेल तर कोन १८ अंशांच्या आसपास येतो आणि चेहरा समोरून मिळतो. तोडफोडीची भीती वाजवी आहे, पण त्यावर उपाय म्हणून दोन कॅमेरे लावा: एक उंचावर, सगळं आवार बघणारा, आणि एक खाली, दारावर रोखलेला. उंचावरच्याच्या नजरेत खालचाही येऊ द्या. मग खालच्याला हात लावणारा वरच्यात सापडतो.

खाली लावतानाही प्रकाशाची दिशा बघा. आतून उघड्या दाराकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात दुपारी येणारा प्रत्येक माणूस काळी सावली होतो. अशा जागी डब्ल्यूडीआर, म्हणजे प्रखर उजेड आणि सावली एकाच चित्रात सांभाळण्याची सोय, असलेलाच कॅमेरा हवा, आणि ती सोय सेटिंगमध्ये चालू केलेली हवी. कित्येक कॅमेऱ्यांत ती मुळात बंद असते.

दिवसा बसवून दिवसाच तपासणं

काम करणारा माणूस संध्याकाळच्या आत निघून जातो आणि ज्या वेळेसाठी कॅमेरा घेतला ती वेळ कोणी बघतच नाही. पैसे चुकते करण्याआधी एकदा काळोखात सगळ्या कॅमेऱ्यांसमोरून चालून जा. हळू, मग झपझप, मग टोपी घालून. नंतर लाइव्ह चित्र बघू नका, रेकॉर्डिंग बघा, कारण कित्येकदा लाइव्हपेक्षा रेकॉर्डिंग हलक्या दर्जाचं होत असतं.

रात्री चित्रावर पांढरं धुकं आलं, तर बहुतेक वेळा दोष इन्फ्रारेड प्रकाशाचा असतो, म्हणजे अंधारात बघण्यासाठी कॅमेरा स्वतः सोडतो त्या, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाचा. कॅमेऱ्याचे दिवे जवळच्या भिंतीवर, छज्जाच्या कडेवर किंवा पाइपावर आपटून परत लेन्समध्ये शिरतात. कॅमेरा हातभर पुढे घ्या किंवा जरा वळवा. डोम, म्हणजे घुमटाकार झाकणातला कॅमेरा, असेल तर काचेवरचे बोटांचे ठसे आणि धूळ रात्री अचानक उजळतात, मऊ कापडाने पुसा. आतली रबरी कडा नीट बसली नसेल तरी हेच होतं. आणि कोळी! इन्फ्रारेड दिव्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, त्यामागोमाग कोळी जाळं विणतो, आणि एकच धागा वाऱ्यावर हलला तरी रात्रभर मोबाइलवर हालचालीच्या सूचना येत राहतात. यावर लांब दांड्याचा ब्रश आणि नियमित सफाई हाच मार्ग. जिथे जाळ्यांचा त्रास फारच आहे, तिथे दिवे कॅमेऱ्यापासून दूर, वेगळ्या इल्युमिनेटरमध्ये घ्या.

इन्फ्रारेडमध्येही दोन जाती आहेत. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांब पोचतात, पण जवळून पाहिलं तर मंद लाल दिसतात. ९४० वाले डोळ्यांना दिसत नाहीत, पण पल्ला कमी. पारख नसेल तर ८५० घ्या.

चालणारा माणूस रात्री पुसट, ओढल्यासारखा दिसत असेल तर शटर फार हळू आहे, म्हणजे एकेका चित्रासाठी प्रकाश घ्यायला फार वेळ लागतोय. अंधारात उजेड मिळावा म्हणून कॅमेरा आपणहून शटरची वेळ वाढवतो. ती मर्यादित करा, चित्र थोडं काळं होईल, पण चेहरा ठरेल. याहून सरळ इलाज म्हणजे दाराशी एक साधा दिवा. चांगला उजेड मिळाला की मध्यम कॅमेराही रंगीत, स्वच्छ चित्र देतो, आणि आगंतुकालाही उजेडात यावं लागतं.

नंबर प्लेटची अपेक्षा मात्र याच कॅमेऱ्याकडून धरू नका. त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो: अरुंद लेन्स, फार जलद शटर, गाडीच्या वाटेशी कमी कोन. त्याच्या चित्रात प्लेटशिवाय बाकी सगळं जवळजवळ काळं असतं, आणि ते तसंच असायला हवं.

रात्री कॅमेरा बंद पडतो, सकाळी आपोआप चालू

हा दोष लोक कॅमेऱ्याच्या माथी मारतात आणि तो बदलूनही आणतात. असते मात्र विजेची गोष्ट. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, आणि लांब, बारीक वायरीत १२ व्होल्टचा दाब इतका घसरतो की कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. दिवे लागलेले असताना कॅमेऱ्याच्या टोकाशी व्होल्टेज मोजा, अडॅप्टरपाशी नको.

पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची पद्धत, वापरत असाल तर केबल १०० मीटरच्या आत आणि पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो आणि असलेच रात्रीचे खेळ ती दाखवते. साध्या पीओई पोर्टमधून १५.४ वॅट निघतात, कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅटचाच भरवसा धरायचा. फिरणाऱ्या कॅमेऱ्याला तेवढे पुरतीलच असं नाही. स्विचच्या सगळ्या पोर्टची मिळून एकूण क्षमताही बघा, तिथे हमखास चुकतं.

बाहेरचा जोड नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडू नका. जंक्शन बॉक्समध्ये घ्या आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून पडेल. यूपीएसवर रेकॉर्डर ठेवला आणि राउटर, स्विच विसरला, असंही घडतं. वीज गेली की रेकॉर्डर जागा आणि कॅमेरे झोपलेले!

‘महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं’ हे ऐकून गप्प बसणं

एका कॅमेऱ्याचा प्रवाह ४ मेगाबिट प्रति सेकंद धरला तर दिवसाला ४३ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना सुमारे १७३ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसांतच भरते आणि जुनं पुसलं जायला लागतं. चार कॅमेऱ्यांचं ३० दिवसांचं सलग रेकॉर्डिंग हवं असेल तर ५ टीबीहून जास्त जागा पाहिजे. एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीने चांगल्या उजेडात हे बरंच खाली येतं, पण रात्रीच्या दाणेदार चित्रात बचत घटते. हिशेब विकणाऱ्यावर न सोडता रेकॉर्डरमध्ये जाऊन सगळ्यात जुनी तारीख कोणती आहे ते स्वतः बघा.

डिस्कही सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्या. साध्या कॉम्प्युटरची डिस्क अखंड लिहिण्यासाठी नसते. डिस्क मेली तरी पडद्यावर लाइव्ह चित्र झकास दिसत राहतं, म्हणून रेकॉर्डिंग होत नसल्याचा पत्ताच लागत नाही. महिन्यातून एकदा मागच्या आठवड्यातली कुठलीही रात्र उघडून बघा. डिस्क बिघडल्यास गजर वाजवायची सोय असते, ती चालू करा.

रेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर तोच उचलून नेतात. कुलूप असलेल्या, पण हवा खेळत्या जागी ठेवा, आणि निदान मुख्य दाराच्या कॅमेऱ्याची एक प्रत दुसरीकडे जाऊ द्या: क्लाउडवर किंवा कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डवर.

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणं

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) नेमके असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर पकडले होते. ठरावीक नावं आणि पासवर्डांची एक यादी घेऊन तो इंटरनेटवर दारं ठोठावत फिरला, आणि त्या उपकरणांच्या फौजेने ऑक्टोबरमध्ये केलेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स तासन्‌तास अडखळल्या. तेव्हा पासवर्ड बदला, फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा, राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट आत येण्याची वाट, उघडू नका. बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी, बरा. आणि बसवून गेलेल्याचं ॲडमिन खातं तसंच राहिलंय का, तेही तपासा. हे बहुतेक जण विसरतात.

दिवसाला शंभर सूचना

नुसती हालचाल टिपणारी यंत्रणा झाडाच्या सावलीलाही चोर समजते. दोन दिवसांत माणूस फोनवर सूचना बंद करून टाकतो. माणूस आणि वाहन ओळखणारा कॅमेरा घ्या आणि रस्ता, झाडं वगळून फक्त आपल्या हद्दीची रेघ आखा. रेकॉर्डिंग मात्र महत्त्वाच्या ठिकाणी सलगच ठेवा.

शेजाऱ्याची खिडकी दृश्यात येत असेल तर प्रायव्हसी मास्कने ती झाका. आवाज रेकॉर्ड करण्याचे नियम चित्रापेक्षा बहुधा कडक असतात, तेव्हा आपल्याकडचे नियम कळेपर्यंत मायक्रोफोन बंदच बरा.

फुटेज काढून देता न येणं

वेळ आली की पासवर्ड कोणाला आठवत नाही, पेन ड्राइव्ह रेकॉर्डरला वाचता येत नाही, आणि निघालेली फाइल कंपनीच्याच प्लेयरवर चालते. म्हणून एकदा सवड काढून पाच मिनिटांचा तुकडा काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. पडद्याचा मोबाइलने घेतलेला व्हिडिओ पुरावा म्हणून फार दुबळा ठरतो, मूळ फाइलच जपा. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं ठेवा. ते चुकीचं निघालंच, तर घाईने दुरुस्त करण्याआधी मोबाइलची वेळ आणि पडद्यावरची वेळ एका फोटोत एकत्र टिपा, कारण एकदा काटा जुळवला की जुन्या रेकॉर्डिंगमध्ये फरक किती मिनिटांचा होता, हे दाखवायला काही उरत नाही.