ड्रॉइंग व्हेंडरला पाठवायच्या आधी कोपरे बघा

मिलिंगच्या पार्टमध्ये पॉकेटच्या (कोरलेल्या खळग्याच्या) आतल्या कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई, देताना कटरचा विचार करा राव. मी सुरुवातीला ३० मिमी खोल पॉकेटला बिनधास्त आर३ (३ मिमी रेडियस) टाकला होता, भोसरीतल्या शॉपवाल्याने ड्रॉइंग बघितलं नि म्हणाला, साहेब, यात ६ मिमी व्यासाचा एंडमिल (मिलिंगचा कटर) घालायचा म्हणजे व्यासाच्या पाचपट खोली, टूल थरथरणार, फिनिश जाणार आणि टाईमही डबल लागणार, तुम्हाला काय फरक पडतो आर६ केला तर? खरंच काही पडत नव्हता, आत नुसतं पीसीबी (सर्किट बोर्ड) बसणार होतं! आर६ केला की १०चा कटर आरामात वळतो.

आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सगळीकडे ±०.०२ मिमी कॉपी-पेस्ट करू नका प्लीज. बेअरिंग बसतंय तिथे एच७ (भोकासाठीचा बारीक टॉलरन्स) द्या, म्हणजे ६२०१ नंबरचं बेअरिंग ज्यात बसतं त्या ३२ मिमी बोअरला शून्य ते +०.०२५, बाकीच्याला आयएसओ २७६८-एम (सर्वसाधारण टॉलरन्सचं स्टँडर्ड, मध्यम वर्ग) लिहिलं की भागतं, त्यात ३० ते १२० मिमीपर्यंत ±०.३ मिळतं. नाहीतर क्यूसीवाला (क्वालिटी तपासणारा) प्रत्येक माप तपासत बसतो आणि ते पैसे कोटेशनमध्ये तुमच्याच माथी.

ड्रॉइंग फायनल करायच्या आधी एकदा मशीनवाल्याला फोन लावा, मेल नको.